कंपनीची परवानगी

भाडेकरूला छळण्याचे घरमालकांचे ठरलेले मार्ग असतात. पाणी अर्धाच तास सोडायचं, गच्चीला कुलूप घालायचं, आल्यागेल्यावर जिन्यातून नजर ठेवायची. आमच्या घरमालकांनी यातलं काहीही केलं नाही. पाणी चोवीस तास होतं, गच्ची मोकळी होती, आणि माझ्या माहेरची अकरा माणसं एकदा चार दिवस राहायला आली तेव्हा त्यांनी खालून पातेलंभर कोलंबीचं कालवण पाठवलं होतं. मला त्यांनी छळलं ते एका जपानी कंपनीच्या इतिहासानं, आणि तेही सलग नऊ वर्षं.

कोन गावात, कल्याण-भिवंडी रोडला लागून त्यांची इमारत होती. सगळ्यात वर माझी खोली, मधल्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको, म्हणजे काकी, आणि खाली रस्त्याच्या तोंडाशी गाळा. गाळ्यात त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान. मी भिवंडीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. खोली बघायला गेले तेव्हा भाड्याचं बोलायच्या आधी त्यांनी मला कपाटाएवढ्या एका मशीनसमोर उभं केलं आणि म्हणाले, “बाई, खेला.”

मी आयुष्यात तसल्या मशीनला हात लावलेला नव्हता. अर्ध्या मिनिटात हरले. ते काकींकडे वळून म्हणाले, “दे चावी. मानूस चांगला हाय. हरल्यावर मशीनला मारला न्हाय.”

यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं, पण खोलीला दोन बाजूंनी खिडक्या होत्या.

दुकानात अकरा मशीनं होती. चांगल्या दिवसांत त्यांनी ती मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून एकेक करून आणलेली, आणि सगळी एकाच जपानी कंपनीची. दुसऱ्या कंपनीचं मशीन फुकट मिळत होतं तरी त्यांनी घेतलं नव्हतं. कंपनीचं नाव ते कधी घेत नसत. नुसतं ‘कंपनी’ म्हणत, ज्या सुरात आपण ‘घर’ म्हणतो त्या सुरात. मानकोलीपासून कोनपर्यंत ज्याला त्याला कुठल्या ना कुठल्या कंपनीची ड्युटी असते, त्यामुळे नवखा माणूस फार गोंधळायचा. एकदा गॅसवाल्यानं सहज विचारलं, “शेठ, कंपनी कशी चाललीये?” तर हे त्याला बसवून घेऊन मुळापासून सांगायला लागले. बिचाऱ्याच्या गाडीतले बाकीचे सिलिंडर तासभर रस्त्यात उभे होते.

मुळापासून म्हणजे, कंपनीच्या म्हाताऱ्या मालकानं दुकानांच्या गच्चीवर पोरांना झुलवायचे लाकडी घोडे बनवले तिथपासून. मग नाणं टाकल्यावर चालणारी खेळणी, मग पडद्यावरचा पहिला गेम, मग दुसरा. तिसऱ्या गेमनं म्हणे जपानमधली पोरं शाळा सोडून दुकानात बसली. हे सगळं ते कुठून जमवत, मला कधीच नीट कळलं नाही. थोडं त्या मुंबईच्या व्यापाऱ्याकडून, थोडं जुन्या मासिकांतून, आणि उरलेलं मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकांतल्या चित्रांवरून. पुस्तिका जपानीत होत्या. आमच्या कोनात जपानी वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांना चूक ठरवणारंही कोणी नव्हतं.

कंपनी कशी बुडाली याचं त्यांचं निदान मात्र पक्कं होतं. ते माझ्या दारात उभे राहायचे, मी हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन, आणि ते चौकटीला टेकून.

“कंपनीनी घरान टीव्हीला लावायची मशीन काढली. म्हंजी काय केला? आपल्याच गिऱ्हाइकाला सांगतला, बाबा, दुकानान येऊ नको, घरान बस. आता मना सांगा, बाई, आसा कोन करतंय?”

“कोणी नाही, शेठ.”

“केला ना पन कंपनीनी.”

आणि हे शंभराव्यांदा सांगतानाही त्यांचा आवाज असा व्हायचा की जणू काल संध्याकाळी निरोप आलाय. मला चिडून दार लावून घ्यावंसं वाटायचं, आणि लावताही येत नसे, कारण दार त्यांचंच होतं.

मी राहायला गेले तोवर दुकानाचेही दिवस फिरले होते. पूर्वी शुक्रवारी आसपासचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असले की इथे पाय ठेवायला जागा नसे. कामगार आंघोळी करून, नवे शर्ट घालून येत. तरी त्यांच्या केसांतून, बाह्यांतून मागावरचा कापूस आत यायचाच, आणि शनिवारी सकाळी शेठ सायकलच्या पंपानं अकराच्या अकरा मशीनांतला कापूस फुंकून काढत. माझ्या काळात तेच कामगार दुकानाच्या पायरीवर बसून मोबाइलवर खेळायचे. शेठ त्यांना हुसकत नसत. फक्त त्यांच्या मोबाइलकडे बघून म्हणत, “कंट्रोलची दांडी न्हाय त्याला,” आणि आत जात. मशीनं एकेक करून बंद पडली. बंद पडलेल्यावर ते लूमचं कोरं कापड टाकत, सुरकुती न पडू देता. शेवटी एकच चालू राहिलं, आणि त्या एकासाठी मी वर्षानुवर्षं इस्त्री त्यांना विचारून लावली, कारण व्होल्टेज पडलं की त्यातला पडदा थरथरायचा.

कंपनी रीतसर बुडाली ती मी तिथे असतानाच. दिवाळं निघाल्याची बातमी पुतण्यानं त्यांना फोनवर दाखवली, आणि दाखवली ती स्वतःच्या हळदीच्या दोन दिवस आधी. आगरी घरातली हळद लग्नापेक्षा मोठी. मांडव रस्त्यापर्यंत आलेला, डीजेचे खोके उतरत होते, आणि घरातला मोठा म्हणून पहिली हळद शेठनी लावायची. हे खुर्ची घेऊन मांडवाबाहेर जाऊन बसले. दाढी केलेली नाही, मासळीला हात लावलेला नाही. म्हणाले, सुतक हाय.

काकी तिथे गेल्या. मी मांडवाच्या कडेला उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“कोन मेलाय तुमचा?”

“कंपनी.”

“ती काय आपल्या भावकीतली हाय?”

शेठनी खुर्ची आणखी थोडी बाहेर सरकवली. मग म्हणाले, “तिचा अन्न खाल्लाय वीस वरसा.”

काकींना हसावं की रडावं कळेना. मला कळत होतं, मला ओरडायचं होतं. शेवटी कोणीतरी भटजींना फोन लावला. भटजींनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की समुद्रापलीकडचं सुतक एका आंघोळीत फिटतं. शेठ उठले, डोक्यावरून आंघोळ केली, आणि पुतण्याला हळद लावली. शास्त्रात तसं खरंच आहे की भटजींनी पोरासाठी वेळ मारून नेली, देव जाणे. मी त्यातून एवढं शिकले की अधिकाराच्या माणसाकडून उत्तर आलं की शेठ निवतात, मग ते उत्तर काहीही असो. हे शिकले नसते तर बरं झालं असतं.

शेवटचं चालू राहिलेलं मशीन म्हणजे होडीचा गेम. खाडीसारखं पाणी, मधे खडक, मगरी, तुटके पूल, आणि त्यातून एक होडी न्यायची. शेठच्या वडिलांची खाडीत स्वतःची होडी होती, रेती आणि गवत वाहायची. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, जाता जाता, आणि लगेच कंपनीवर गेले. पण इतर मशीनांवर ते गिऱ्हाइकाला शिकवत, या मशीनवर स्वतः खेळत. रोज सकाळी दुकान उघडलं की अगरबत्ती आणि एक डाव. वरच्या मजल्यावर माझ्या चहाबरोबर ती वल्ह्यांची टुकटुक ऐकू यायची.

या गेमात एक भानगड होती. चोरांनी नक्कल करू नये म्हणून कंपनीनं आतल्या बोर्डावर, पत्र्याच्या बंद डबीत, एक बॅटरी बसवली होती, बोटाच्या पेराएवढी. त्या बॅटरीच्या जोरावर बोर्डाला गेम उघडायची किल्ली, म्हणजे एक गुप्त आकडा, आठवतो. बॅटरी मेली की किल्ली पुसली, आणि गेम कायमचा गेला. कंपनीला वाटलं असणार, लोक बोर्ड आपल्याकडे पाठवतील, आपण बॅटरी बदलून देऊ, आपण काय कुठे जाणार आहोत.

त्या पत्र्याच्या डबीवर एक लाल स्टिकर होता, जपानीत आणि खाली इंग्रजीत. मी नवी भाडेकरू असताना त्यांनी मला तो वाचायला सांगितला आणि मी मूर्खासारखा वाचून दाखवला. उघडू नये, बॅटरीसाठी कंपनीला विचारावं. झालं. तेव्हापासून शेठच्या डोक्यात ते कोरलं गेलं की कंपनीच्या परवानगीशिवाय त्या डबीला हात लावायचा नाही.

खरं म्हणजे काम दहा मिनिटांचं होतं. समोरच्या कारखान्यात बीम जोडणारे एक म्हातारे कारागीर होते, उत्तरेकडचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. मागावरचा ताण्याचा बीम, म्हणजे उभ्या दोऱ्यांचा रूळ, संपत आला की नव्या बीमचे हजारो दोरे जुन्या दोऱ्यांना एकेक गाठ मारून जोडायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कारखान्यात काही मोडलं तर डागकाम, म्हणजे सोल्डरिंगही, तेच करत. ते दुकानात यायचे, होडीवर एक डाव खेळायचे आणि डबीकडे बोट दाखवायचे.

“सेठ, ये तो बीम जोड़ने जैसा है. नया पहले बाँधो, पुराना बाद में काटो. तार टूटेगा ही नहीं.”

“चाचा, परमिसन नहीं है.”

“किसका परमिसन? कंपनी तो मर गया.”

“वारिस है ना उसका.”

इथे मला शेठचा वेडेपणा पहिल्यांदा नीट समजला, आणि समजल्यानं वैताग कमी झाला असंही नाही. कंपनी बुडाल्यावर तिचं नाव आणि गेम दुसऱ्या एका कंपनीनं घेतले होते, मोबाइलवरचे गेम करणाऱ्या. शेठच्या दृष्टीनं ते सातबाऱ्यावर लागलेले वारस. मेलेल्याच्या मालमत्तेला हात लावायचा तर वारसांची संमती पाहिजे. मानकोलीची वडिलांची जमीन गोदामाला गेली तेव्हा घाईघाईत बहिणीची सही राहून गेली होती. म्हणजे शेठनीच ती राहू दिली होती.

“तिना मागतला आसता तर मी दिला आसता,” ते एकदा म्हणाले. “पन विचारला न्हाय मी. मोठ्या रस्त्यानं जाते ती, माज्या दारान येत न्हाय. भाऊबीजेला पन न्हाय. आता बिगर विचारता मी कशाला हात लावनार न्हाय.”

मग माझे खरे हाल सुरू झाले. माझं इंग्रजी चांगलं, म्हणून वारसांना पत्रं मी लिहायची. त्यांच्या वेबसाइटवर मजकूर पाठवायची सोय होती. दर रविवारी शेठ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वर येत आणि खुर्चीवर बसून सांगत, मी लिहीत असे. मशीनचा नंबर, घेतल्याची हकिकत, म्हाताऱ्या मालकांच्या कुटुंबाला नमस्कार, आणि बॅटरी बदलायची परवानगी द्यावी ही विनंती. प्रत्येक वेळी तिकडून आपोआप एकच ओळ यायची की आम्हाला लिहिल्याबद्दल आभारी आहोत. शेठ ती मला मोठ्यानं वाचायला लावत.

“आभार मानतान, म्हंजी वाचलाय.”

“शेठ, ते मशीन पाठवतं. माणूस नाही.”

“मशीनला कोनतरी मानसानीच सांगतला आसंल ना, आभार मान म्हनून.”

असे दीड वर्षाचे रविवार. मला ताप असला तरी, परीक्षेचे पेपर तपासायचे असले तरी. माझ्या आईचं ऑपरेशन झालं त्या रविवारीही ते आले. तिची चौकशी केली, काकींनी दिलेला डबा ठेवला, आणि खुर्चीवर बसून म्हणाले, “येक ओळ लिवू या फक्त.” मी ती ओळ लिहून दिली. पण त्या आठवड्यात माझ्या मनानं काहीतरी ठरवलं.

पुढच्या बुधवारी शाळेतून येताना मी झेरॉक्सच्या दुकानात बसून इंग्रजीत चार ओळी टाइप केल्या. वर कंपनीचं नाव, खाली एका साहेबाचं मी बनवलेलं जपानी वाटणारं नाव. मजकूर असा की आपलं पत्र मिळालं, आनंद झाला, ही बॅटरी पुष्कळ वर्षं टिकते, काळजीचं कारण नाही, कृपया डबी उघडू नये.

परवानगी आहे, असंही लिहिता आलं असतं. तेवढेच शब्द लागले असते. पण मी शेठना ओळखून होते. परवानगी दिली असती की पुढच्या रविवारी विचारलं असतं, बॅटरी कुठल्या मेकची, डाग कसा द्यायचा, चाचांचा हात चालेल का, दिवस कुठला धरायचा. नकारावर पुढचा प्रश्न येत नाही. मला फक्त माझे रविवार हवे होते.

वारसांचं उत्तर आलंय असं सांगून मी ते वाचून दाखवलं, आणि शेठनी ते उभ्यानं ऐकलं. मग खाली बसले आणि पुन्हा वाचायला लावलं. डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले. संध्याकाळपर्यंत पत्र लॅमिनेट होऊन होडीच्या मशीनशेजारी भिंतीवर लागलं होतं, आणि चाचा चष्मा लावून त्यातलं एकही अक्षर न कळता ते पूर्ण बघत होते. शेठ त्यांना म्हणाले, “देखा? हात लगाना मना है, बोलता है.” चाचा म्हणाले, “लिख के दिया है तो फिर ठीक है.”

रविवार मोकळे झाले. मी खोलीत एकटीच हसले होते, हेही सांगून टाकते.

साधारण वर्षभरानं एका सकाळी चहा पिताना मला वल्ह्यांची टुकटुक ऐकू आली नाही. शाळेत जायला खाली उतरले तर शेठ मशीनसमोर उभे होते. अगरबत्ती जळत होती. पडद्यावर होडी नव्हती, पाणी नव्हतं, नुसते रंगीत चौकोन, एकमेकांत घुसलेले. ते मला म्हणाले, “बाई, पावनेनऊ झाले, शाला चुकंल तुमची.” चाचा आले, त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, चौकोन तसेच. ते काहीतरी बोलणार होते, पण भिंतीवरच्या कागदाकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी शेठच्या खांद्यावर हात ठेवला.

मी शाळेत गेले. पहिल्या तासाला काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही. बदलायला दहा मिनिटं लागणार होती, चाचा समोरच्या कारखान्यात होते, आणि मी ‘उघडू नये’ असं लिहिलं होतं.

त्या रविवारी शेठ वर आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. खुर्चीवर बसले. कंपनीच्या इतिहासातलं एक अक्षर बोलले नाहीत, आणि इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं की बोलावं त्यांनी, लाकडी घोड्यांपासून सुरू करावं.

“येक पत्र लिवायचाय.”

“शेठ, मला तुम्हाला काही सांगायचंय. ते पत्र...”

“आदी लिवा, मंग बोला. मी इसरून जाईन.”

मी वही घेतली. ते भिंतीकडे बघत सावकाश सांगत गेले.

“त्या सायबाला लिवा. होडी गेली. तुमी लिवलेला की पुष्कल वरसा टिकंल, ता चुकला. पन मनाव घेऊ नका. तुमी नवीन मानूस, जुन्या बोर्डाचा तुमाला कसा ठाव आसनार. येवढ्या पत्रांना कोनी उत्तर दिला न्हाय, तुमी येकट्यानी दिला. ता मी इसरनार न्हाय.” मग ते थांबले, आणि जरा पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, “आनि आसा लिवा, की तुमचा कागूद मी भित्तीवरना काढलाय. कोनाला दाखवनार न्हाय. कंपनीचा कोन मानूस कवा बगायला आला, आनि त्यानी ता वाचला, तर तुमची नोकरी जाईल. ती कालजी करू नका.”

मी इंग्रजीत लिहीत होते आणि मला पुढचं दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, होडीसाठी. म्हणाले, “जाऊ द्या, बाई. तुमी काय करनार त्याला.” त्यांनी खाली मराठीत सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, जशी ते खरेदीखतावर करत असतील.

“आता बोला, काय सांगत व्हत्या?”

मी म्हणाले, काही नाही, पत्र आजच पाठवते.

कोन सोडून आता मला काही वर्षं झाली. इमारत पाडून तिथे गोदाम झालंय, शेठ आणि काकी पुतण्याकडे असतात. त्यांच्या सहीचा तो कागद माझ्या कपाटात आहे. ज्याला लिहिला होता त्याला तो लिहितानाच मिळाला, आणि त्यातली क्षमा मी मागितलेलीच नव्हती, म्हणून ती कुठे ठेवायची मला अजून कळलेलं नाही. दर गणपतीला शेठचा फोन येतो. माझ्या आईची चौकशी करतात, काकींचे गुडघे सांगतात, कंपनीचं नवीन कोणी काय घेतलं तेही सांगतात, आणि मला जुन्यासारखाच वैताग येतो. फोन ठेवायच्या आधी मात्र ते नेमानं विचारतात.

“त्या सायबाचा काय कलला का, बाई? नोकरी हाय ना त्याची?”

“आहे, शेठ,” मी सांगते. “नोकरी आहे.”